चुकलेल्या नोटांचा नाद : पहिली मिसप्रिंट घेण्याआधी

दर महिना-दोन महिन्यांनी कुणीतरी फोनवर फोटो पाठवतं. शंभराची किंवा पाचशेची नोट, बोटाने दाखवलेली एखादी जागा आणि खाली प्रश्न : "हिचे किती येतील?" बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. शंभराच्या नोटेचे शंभर, पाचशेच्या नोटेचे पाचशे. नोट खिशासकट धुतली गेलेली असते, कुणीतरी खोडलेली असते, नाहीतर दिसतं ते मुळात चुकीचं नसतंच.

म्हणून मी उलट प्रश्न विचारतो : ही चूक छापखान्यात नेमकी कुठल्या टप्प्यावर झाली असेल? याचं उत्तर देता आलं तर नोट ठेवा किंवा विकत घ्या. नाही देता आलं, तर ती चूक छापखान्यातली नसून बाहेरची आहे असं धरून चाला. या नादात नव्याने पडणाऱ्याला यापेक्षा उपयोगी दुसरं काही माझ्याकडे नाही. खालचं सगळं या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला शिकण्यासाठी आहे.

आधी छापखाना समजून घ्या

भारतात नोटा चार ठिकाणी छापल्या जातात : नाशिक रोड, मध्य प्रदेशातलं देवास, कर्नाटकातलं म्हैसूर आणि पश्चिम बंगालमधलं सालबोनी. यांत नाशिक सर्वांत जुनं. पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट इथे १९२८ मध्ये छापली गेली. त्याआधी आपल्या नोटा इंग्लंडहून छापून यायच्या. नाशिक रोडला राहणाऱ्यांना 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र आठवत नाही, ते याचमुळे.

नोट एकेकटी छापली जात नाही. मोठ्या कागदावर ओळीने अनेक नोटा छापतात आणि शेवटी कापतात. कागद शंभर टक्के कापसाचा. जलचिन्ह आणि सुरक्षा धागा (ज्याला सगळे 'तार' म्हणतात) कागद तयार होतानाच त्यात येतात. छापखान्यात पहिल्यांदा ऑफसेटवर, म्हणजे सपाट छपाईच्या यंत्रावर, दोन्ही बाजूंची रंगीत पार्श्वभूमी छापतात. मग मोठ्या किमतीच्या नोटांवर इंटाग्लिओ, म्हणजे कोरलेल्या प्लेटवरून प्रचंड दाबाने केलेली उठावाची छपाई. गांधीजींचा चेहरा, अशोकस्तंभ, गव्हर्नरची सही हे हाताला खरखरीत लागतं, ते यामुळे. त्यानंतर नंबर, त्यानंतर कटाई, आणि मग मोजून शंभराची गड्डी.

हा क्रम पाठ करा. कागद, ऑफसेट, इंटाग्लिओ, नंबर, कटाई. प्रत्येक टप्प्याची चूक वेगळी दिसते आणि क्रम माहीत असला की नोट स्वतःच बोलायला लागते.

एक उदाहरण घेऊ. नोटेवर आडवी पांढरी रेघ आहे, तिथे शाई नाही. कागदाला सुरकुती पडली होती, ती छपाईच्या वेळी मिटलेली राहिली आणि नंतर उघडली. डीलर याला 'क्रीज' म्हणतात. आता भिंगाने पाहा : रेघेत पार्श्वभूमीचा रंगही नाही की फक्त चेहऱ्याच्या रेषा तुटल्या आहेत? पार्श्वभूमी अखंड असून चेहरा तुटला असेल, तर सुरकुती ऑफसेटनंतर आणि इंटाग्लिओच्या आधी पडली. दोन्ही तुटले असतील तर ती अगदी सुरुवातीपासून होती. आणि रेघेत नुसती शाई खरवडलेली असून कागदाचे तंतू वर आले असतील, तर ती सुरकुती नाहीच. कुणाच्या तरी पाकिटातली घडी आहे.

कटाईच्या चुका नवशिक्याला ओळखायला सर्वांत सोप्या. कागदाचा कोपरा दुमडलेला असतानाच पातं पडलं, की घडी उघडल्यावर नोटेला एक जादा तुकडा लटकतो. काही डीलर याला 'बटरफ्लाय' म्हणतात. कधी नोट सरकून कापली जाते आणि कडेला शेजारच्या नोटेचा भाग दिसतो. कोपरा नंबर पडण्याच्या आधी दुमडला असेल, तर नंबरचा काही भाग नोटेच्या पाठीवर उमटतो. हा मला वैयक्तिकरीत्या सर्वांत आवडणारा प्रकार, कारण तो बनावट करणं फार अवघड.

ऑफसेटच्या टप्प्यावर आणखी एक मजा होते. एखादा कागद यंत्रात शिरायचा चुकला, की त्याच्या वाट्याचा रंग समोरच्या सिलिंडरवर बसतो आणि पुढच्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला तेच चित्र आरशातल्यासारखं उलटं उमटतं. पहिल्या कागदावर ठळक, मग हळूहळू फिकट होत जातं. ओल्या शाईचा कागद दुसऱ्यावर पडूनही उलटा ठसा येतो, पण तो पुसट आणि अर्धवट असतो. पहिल्याला मान आहे, दुसऱ्याला फारसा नाही.

नंबरच्या चुकांना बाजारात सर्वांत जास्त मागणी. नोटेवर नंबर दोनदा येतो आणि तो आकडे असलेल्या लहान चाकांनी छापला जातो. चाक अडकलं, की डावा नंबर आणि उजवा नंबर जुळत नाहीत. कधी आकडा दोन आकड्यांच्या मध्येच अर्धवट थांबतो, कधी नंबर एकाच बाजूला पडतो, कधी पडतच नाही.

कागदाच्या पातळीवरची चूक विरळा, पण आपल्याकडे तिचंही गाजलेलं उदाहरण आहे. २०१६ च्या सुरुवातीला, नोटाबंदीच्या कितीतरी आधी, हजार रुपयांच्या '५ एजी' आणि '३ एपी' या मालिकांतल्या काही नोटा सुरक्षा धाग्याशिवायच बाहेर पडल्याचं उघड झालं होतं. पुढे २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशातल्या श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून मिळालेल्या दोन हजारांच्या नोटांवर गांधीजीच नव्हते. नोटा खोट्या आहेत असं लोकांना वाटलं. त्या खऱ्याच होत्या, इंटाग्लिओचा टप्पा तेवढा चुकला होता.

हे काही मिसप्रिंट नव्हे

नंबरात तारा असलेली नोट ही चूक नाही. उलट ती चूक निस्तरण्यासाठी छापलेली नोट आहे. २००६ पर्यंत गड्डीतले शंभर नंबर सलग असत. तेव्हापासून खराब निघालेल्या नोटेच्या जागी प्रीफिक्स (नंबराच्या सुरुवातीचा आकडा-अक्षरांचा भाग) आणि पुढच्या आकड्यांच्या मध्ये तारा असलेली नोट घालायला सुरुवात झाली. ती खोटी आहे अशी अफवा अधूनमधून उठते. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला पुन्हा एकदा खुलासा करावा लागला की ही नोट इतर कुठल्याही नोटेसारखीच चालते. स्टार नोटांचे वेगळे संग्राहक आहेत, त्यांचा नाद वेगळा.

आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जाणं ही २०१५ पासून मुद्दाम केलेली रचना आहे. सहाच्या जागी सात आकडे, १०००००० असा नंबर, हीसुद्धा चूक नाही. तो मालिकेतला दहा लाखावा नंबर, दुर्मीळ आहे पण बरोबर आहे. मागे वर्ष नाही? मग नोट २००५ च्या आधीची असेल. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही नाही? ती नोट भारत सरकारची, सही वित्त सचिवांची. कडेची पांढरी पट्टी एका बाजूला मिलिमीटरभर जास्त? सोडून द्या. ७८६ वगैरे नंबरांच्या नोटांबद्दल बोलायला नको, ती श्रद्धेची बाजारपेठ आहे.

आणखी एक प्रकार मधला आहे. चूक यंत्राची नसून मजकुराचीच असते. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत 'दो रुपया', 'पांच रुपया' असं छापलं होतं. अनेकवचन 'रुपया' की 'रुपये' यावर वाद झाला आणि १९५३ च्या सुमाराला 'रुपये'वर शिक्कामोर्तब झालं. आपण मराठीत दोन रुपये, पाच रुपये म्हणताना कधी विचारही केला नव्हता, तिथे दिल्ली-मुंबईत खल चालला होता! 'रुपया' आणि 'रुपये' असे दोन्ही प्रकार जमवणं हौशी माणसाला परवडतं आणि त्यात फसवणुकीचा धोका कमी.

पण मजकुराची चूक म्हणजे किंमत, असं मात्र समजू नका. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या पन्नास डॉलरच्या नोटेवर 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातलं एक अक्षरच गळलं होतं. २०१९ मध्ये लक्षात आलं तोवर अशा ४ कोटी ६० लाख नोटा लोकांच्या खिशात पोचल्या होत्या. सगळ्यांकडे आहे त्याला कोण जादा पैसे देणार?

शोधायचं कुठे

खिशातल्या नोटा पाहण्याची सवय चांगली, पण त्यातून फार मिळत नाही. चूक सापडते ती कोऱ्या गड्डीत. दिवाळी, लग्नसराई, गणपतीच्या वर्गणीचे दिवस, या काळात बँकेतून कोऱ्या नोटा बऱ्याच निघतात. कॅशियरशी ओळख असेल तर दहा-वीसच्या गड्ड्या घ्या आणि घरी निवांत पाहा. गर्दीच्या वेळी काउंटरवर उभं राहून एकेक नोट उजेडात धरू नका. मागच्या माणसाच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत, त्या रास्त होत्या.

पद्धत अशी. आधी गड्डीची कड पाहा, एखादी नोट बाहेर आलेली किंवा दुमडलेली असेल तर तिथेच लक्षात येते. मग पत्ते पिसताना धरतो तशी गड्डी धरून फक्त डावा नंबर पाहत जा, मग उजवा. मग उलटी करून पाठ. नवशिका एकाच नोटेवर दहा गोष्टी पाहतो आणि तिसाव्या नोटेला कंटाळतो. एका फेरीत एकच गोष्ट पाहा.

काही सापडलं, की पहिला मोह असतो ती नोट उपसून बाजूला ठेवण्याचा. थांबा. कापलेल्या कागदांच्या थप्पीतून एका जागेच्या नोटा एका गड्डीत येतात. म्हणजे एका जागचं नंबराचं चाक अडकलं असेल, तर लागोपाठच्या अनेक नोटांवर तीच चूक असणार. आधीची बरोबर नोट, चुकलेल्या नोटा आणि नंतरची बरोबर नोट, असा सलग तुकडा ठेवा. खरेपणाचा याहून चांगला पुरावा नाही, आणि सुट्या नोटेपेक्षा अशा संचाला संग्राहक जास्त मोल देतात. बाकीच्या नोटा खुशाल खर्च करा.

जमवायची इच्छा नसेल तर खरी मिसप्रिंट नोट बँकेत बदलून मिळते, चिंता नको. मात्र नोट खोटी असल्याचा संशय असेल तर ती मिसप्रिंट म्हणून घरात ठेवण्याचा शहाणपणा करू नका. खोटी नोट बँक जप्त करून पोचपावती देते, पैसे देत नाही. आणि खोटी आहे हे माहीत असताना ती चालवण्याच्या इराद्याने बाळगणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १८० खाली गुन्हा आहे.

चार परीक्षा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च, मिलिमीटरची पट्टी आणि साधा टेबललॅम्प. एवढं सामान पुरतं.

यूव्ही टॉर्चचं महत्त्व मला पैसे घालवून कळलं. एका प्रदर्शनात शंभराची 'एका बाजूला नंबर नाही' अशी नोट मी पंधराशेला घेतली. नोट कोरी, विक्रेता गोड. घरी येऊन टॉर्च मारला, तर रिकाम्या जागी आकड्यांचे फिके डाग स्वच्छ दिसले. आपल्या नोटांवरचे नंबर यूव्हीत चमकणाऱ्या शाईचे असतात. डोळ्याला दिसणारा रंग कुणीतरी रसायनाने काढला होता, चमक पूर्ण गेली नव्हती. आजही ती नोट मी नवीन लोकांना दाखवायला ठेवली आहे. दुसरी गोष्ट, नोटेचा मूळ कागद यूव्हीत मंद दिसतो, त्यात रंगीत तंतू चमकतात. सगळी नोट निळसर पांढरी झळकली तर ती साबणाच्या पावडरीत धुतली गेली आहे. 'रंग फिका पडलेली मिसप्रिंट' म्हणून विकतात ती बहुतेक हीच.

लॅम्प आडवा धरा, म्हणजे उजेड नोटेवरून सरपटत जाईल. चेहरा नसलेली नोट असेल, तर त्या जागी कागद सपाट आहे का ते बघा. इंटाग्लिओचा दाब इतका असतो की शाई काढली तरी कागदावरचे खळगे राहतात. खळगे दिसले आणि भोवती शाईचे कण अडकलेले असले, तर ती धुतलेली नोट. एखाद्या वेळी प्लेटवर शाईच पोचत नाही आणि कोरडा ठसा तेवढा उमटतो. हा खरा प्रकार आहे, पण तो ओळखायला अनुभव लागतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पट्टीने नोट मोजा. नव्या मालिकेत पाचशेची नोट ६६ बाय १५० मिलिमीटर, शंभराची ६६ बाय १४२, दहाची ६३ बाय १२३. कटाई सरकलेली नोट बहुधा एका बाजूला जेवढी कमी तेवढी दुसऱ्या बाजूला जास्त असते. फक्त कमीच असेल तर कात्री घरची आहे. अमेरिकेत तर न कापलेले अख्खे कागद सरकारच विकतं, त्यामुळे तिकडची कटाईची चूक घेताना दुप्पट सावध राहा.

आणि शेवटी उजेडासमोर धरा. पुढे अर्धा आणि मागे अर्धा छापलेला आकडा किंवा आकृती उजेडात एकमेकांत बसते. छपाई सरकली असेल तर ती इथेच पकडली जाते. तार नसेल तर कडेला बारीक चीर आहे का बघा. तार ओढून काढणारे महाभाग आहेत.

किंमत, खरेदी आणि कायदा

चूक जितकी लांबून दिसते तितकी ती महाग. शाईचा ठिपका, किंचित सरकलेली छपाई यांना कुणी विचारत नाही. त्याखालोखाल नोटेची अवस्था. आंतरराष्ट्रीय मोजमाप ७० गुणांचं आहे आणि कोरी, एकदाही न दुमडलेली नोट 'अनसर्क्युलेटेड' गणली जाते. जुन्या कोऱ्या नोटांना पिनांची भोकं असणं साहजिक आहे, कारण २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने बंद करायला सांगेपर्यंत बँका गड्ड्यांना सर्रास स्टेपल मारत. उलट तितक्या जुन्या नोटेला भोक नसेल तर ती अधिक नशीबवान.

संकेतस्थळांवर कुणी नोटेला लाख रुपये मागितले म्हणून ती लाखाची होत नाही. मागितलेली किंमत बघू नका, लिलावात हातोडा कितीला पडला ते बघा. लिलावगृहांचे जुने निकाल मिळतात. सहा महिने फक्त ते वाचा, काही घेऊ नका. कधीकधी बाजार वेडाही होतो, हे खरं. अमेरिकेतल्या वीस डॉलरच्या एका नोटेवर छपाईच्या मधल्या टप्प्यात केळ्यावरचं स्टिकर चिकटलं. २००६ मध्ये ती २५,३०० डॉलरना गेली आणि २०२१ मध्ये ३,९६,००० डॉलरना. तिथेही भाव आला तो टप्प्यामुळेच : स्टिकर पार्श्वभूमीच्या वर आणि नंबर, शिक्का स्टिकरच्या वर. म्हणजे ते छापखान्यातच चिकटलं याबद्दल वाद नाही.

पहिली खरेदी प्रदर्शनात समोरासमोर करा. पुण्यातलं 'कॉइनेक्स' किंवा मुंबईतली नाण्या-नोटांची प्रदर्शनं बरी. बिल घ्या, त्यावर नोटेचा नंबर आणि चुकीचं वर्णन लिहून घ्या. टॉर्च लावू देत नाही त्या टेबलावरून पुढे चला.

नंबरच नसलेल्या, एकच बाजू छापलेल्या नोटांचा गठ्ठा कुणी स्वस्तात देऊ केला तर लांब राहा. छापखान्यात रद्द ठरलेला माल नष्ट व्हायचा असतो. २०१८ मध्ये देवासला एक अधिकारी अशा नोटा लपवून बाहेर नेताना पकडला गेला होता. गड्डीतून सुटून आलेली चूक वेगळी आणि चोरीचा माल वेगळा.

जुन्या पाचशे-हजारच्या नोटांबद्दल २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. सामान्य माणसाने दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा संग्रह यासाठी मर्यादा पंचवीस नोटांची. त्यापुढे दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यांत जे जास्त असेल ते. धागा नसलेल्या हजारांच्या नोटेचा मोह झाला तर हा आकडा लक्षात असू द्या. दोन हजारांची नोट २०२३ मध्ये चलनातून काढून घेतली, पण तिला हा नियम लागू नाही.

आणि कुणी फोन करून "रिझर्व्ह बँक तुमची नोट विकत घेते, आधी कर भरा" म्हणालं, तर फोन ठेवा. बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलं आहे की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कुठलंही कमिशन घेत नाही.

ठेवायच्या कशा

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, इस्त्री तर नकोच. इस्त्रीने घडी जाते आणि उठावही जातो, मग खरी नोटसुद्धा संशयित होते. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात एकेक नोट, सपाट. कोकणात, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर एकदा सगळं बाहेर काढून बघा. हात धुऊन, कोरडे करून, नोट कडेने धरायची.

प्रत्येक नोटेसोबत एक चिठ्ठी ठेवा. किंमत, नंबर, वर्ष, कुठून आणि कधी मिळाली, आणि चूक कुठल्या टप्प्यावरची. माझ्या पहिल्या खऱ्या नोटेच्या चिठ्ठीवर असं लिहिलं आहे : "रु. १०, गड्डीतून, सलग पाच. डावा नंबर उजव्यापेक्षा एकाने मागे. चाक अडकलं. टप्पा : नंबर. मिळाली दहा रुपयांना."